उपचार पूर्ण

देवास, ७ जून २०२५

अक्का,

तू म्हणालीस, फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं आणि हिशेबाची गोष्ट अर्धी ऐकून चालत नाही, तर लिही. म्हणून लिहिते आहे. माझं मराठी तुला माहीत आहे, हिंदी शाळेची मुलगी. आई, म्हणजे तुझी चुलत बहीण, असती तर तिने आधी सगळं तपासून दिलं असतं. आता तूच सांभाळून घे.

आपल्या न्यासाची कोषाध्यक्ष होऊन मला दोन महिने झाले. पहिली मोठी खबर ही की आमची कंपनी या वर्षी लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी चार लाख द्यायला तयार आहे. राजगढच्या देवश्रीचं ऑपरेशन त्यात आरामात होऊन जाईल. शर्त एकच. मागच्या तीन वर्षांत ज्या मुलांवर खर्च केला, त्या प्रत्येकाचं हॉस्पिटलचं बिल जोडायचं.

मी सगळ्या फाइली काढून बसले. तीन वर्षांत सतरा मुलं. सोळांची बिलं मिळाली. एकाचं नाही, निसरपुरच्या आरोहीचं. २०२२-२३ च्या अहवालात तिच्या नावापुढे दोन लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये आहेत, आणि पुढे तुझ्या अक्षरात 'उपचार पूर्ण'. बिल तुझ्याकडे असेल तर पाठव.

आणि आरोही कशी आहे? आता आठ-नऊ वर्षांची झाली असेल. तिचाच फोटो दाखवून मी आमच्या कॅन्टीनमध्ये पैसे गोळा केले होते. दोन वेण्या आणि समोरचा एक दात नाही. लोक अजून विचारतात.

तुझी,
अवंती

•

धार, १४ जून २०२५

अवंते,

पत्र पोचलं. मराठी वाईट नाही. 'खबर' आणि 'शर्त' मी चालवून घेतले.

चार लाखांची गोष्ट वाचून बरं वाटलं. देवश्रीची आई परवाच येऊन गेली. चार वर्षांची पोर, पण जिना चढली की ओठ निळे पडतात आणि ती मधल्या पायरीवर उकिडवी बसून राहते. तिला कुणी शिकवलेलं नाही, आपोआप बसते. डॉक्टर म्हणतात, पावसाळा संपायच्या आत करून टाका. मी तिच्या आईला शब्द दिला आहे.

आरोहीचं बिल मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हाच्या उचलठेवीत कुठेतरी गेलं असावं. शोधते. सोळा मुलांची बिलं आहेत, सतराव्याचं नाही, एवढ्यावरून तुमचे साहेब अडून बसतील का? तू त्यांच्या खात्यातच काम करतेस. जरा समजावून सांग.

आरोहीचं विचारलंस. ती निसरपुरलाच आहे.

विनोदिनी

•

देवास, २२ जून २०२५

अक्का,

साहेबांना सांगून पाहिलं. ते भले आहेत, पण म्हणाले, "अवंती, सोळा बिलं मी पाहणारच नाही. मी फक्त सतरावं पाहणार." मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

म्हणून मी सरळ इंदूरला हॉस्पिटलमध्ये गेले, की बिलाची दुसरी प्रत काढून आणावी. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. ९ फेब्रुवारी २०२३ ची तारीख आरोहीला दिलेली होती. पण ती भरतीच झाली नाही. एक रुपयासुद्धा तिच्या नावाने जमा नाही.

मी तीन वेळा विचारलं. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर आहे.

मग मी बँकेत गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यासाच्या खात्यातून दोन डिमांड ड्राफ्ट निघाले आहेत, दोघांची बेरीज बरोबर दोन लाख शहाऐंशी हजार चारशे. कुणाच्या नावाचे, ते पासबुकात नाही. जुने कागद मागवायला बँक महिना लावणार. पण फॉर्म कुणी भरला होता ते मॅनेजरला आठवत होतं. उदाजीराव काकांनी.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. ते बाबांच्या वयाचे आहेत, न्यास सुरू झाला तेव्हापासून तुझ्यासोबत सही करतात. पण त्या साली त्यांच्या पेट्रोलपंपाची हालत खराब होती हे सगळ्या धारला माहीत आहे. तू हिशेब लिहीत होतीस, पण बँकेत तेच जात होते. तुला काहीतरी सांगून त्यांनी सही घेतली असेल. तू लोकांवर भरवसा जास्त ठेवतेस, अक्का.

आणि मग ती मुलगी? ऑपरेशनच झालं नाही तर ती आज कशी आहे? फाइलमधला तिच्या बापाचा, मानाजींचा, नंबर बंद येतो आहे. तू लिहिलंस, निसरपुरलाच आहे. तू तिला पाहिलंस का?

अवंती

•

धार, ३० जून २०२५

अवंते,

उदाजीरावांबद्दल असं घाईने काही ठरवू नकोस. मला थोडे दिवस दे. तब्येत बरी नाही. सविस्तर मागाहून लिहीन.

विनोदिनी

•

देवास, १९ जुलै २०२५

अक्का,

तुझं 'मागाहून' आलंच नाही. तीन आठवडे वाट पाहिली. मधे देवश्रीच्या आईचा फोन येऊन गेला, पैसे कधी येणार. मी काय सांगणार?

परवा मी धारला आले होते. तुझ्याकडे आले नाही, तुला त्रास नको म्हणून. सरळ उदाजीराव काकांकडे गेले. ते पंपावर खुर्ची टाकून बसले होते. मी कागद पुढे ठेवले आणि विचारलं, हे दोन ड्राफ्ट कुणाच्या नावाचे होते?

त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिले, चष्मा काढला. म्हणाले, "अक्कांना विचारलंस?"

मी म्हणाले, "त्यांना बरं नाही. मी तुम्हाला विचारते आहे. त्या मुलीचे पैसे कुठे गेले, काका?"

 एक ट्रक डिझेल भरून गेला. मग म्हणाले, "बेटा, मला सांगायचं असतं तर दोन वर्षांपूर्वीच सांगितलं असतं." आत गेले आणि एका पानावर राजीनामा लिहून आणून दिला. कारण लिहिलं नाही. पाणी विचारलं मला. मी घेतलं नाही.

आता मला दुसरं काय समजायचं? राजीनामा सोबत पाठवते आहे. तू अध्यक्ष आहेस. पोलिसात द्यायचं का नाही, ते तू सांग.

अवंती

•

धार, २२ जुलै २०२५

अवंते,

हे पत्र पूर्ण वाच. मधे सोडू नकोस.

उदाजीरावांनी एक पैसा घेतलेला नाही. त्यांच्यावर तू ठेवलेला आळ मी महिनाभर तसाच राहू दिला. 'घाई करू नकोस' एवढंच लिहिलं आणि गप्प बसले. मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. कुणी दुसऱ्याच्या नावावर ढकललं तर मी तिला वर्गाबाहेर उभी करत असे.

आरोही ३ फेब्रुवारी २०२३ ला गेली. ऑपरेशनला सहा दिवस होते. ताप आला, कुक्षीला नेईपर्यंत संपलं. तुला मी लिहिलं की ती निसरपुरलाच आहे. नर्मदेच्या काठी तिला ठेवली आहे, तेव्हा ते खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच मला लिहिता आलं.

तेव्हा तिच्या नावाने दोनशे बारा लोकांनी दिलेले पैसे खात्यात पडून होते. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आणखी दोन मुलांचं सांगितलं. कन्नौदचा विहंग आणि गंधवानीचा प्रणव. विहंगला चौदा तारखेच्या पुढे नेता येणार नव्हतं. उदाजीराव म्हणाले, "अक्का, हे पैसे आरोहीचे म्हणून आलेत. आधी मानाजीला विचारू, देणाऱ्यांना पत्रं टाकू." मी म्हणाले, दोनशे बारा पत्रांची उत्तरं येईपर्यंत मूल थांबणार नाही. आणि तिच्यावरची माती सुकली नाही तोवर बापाला पैशांचं विचारायला मी जाणार नाही. तुम्ही सही करा, पत्रं मी नंतर लिहिते. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली. दोन्ही ड्राफ्ट हॉस्पिटलच्या नावाचे होते. एक लाख चौसष्ट हजार विहंगसाठी, एक लाख बावीस हजार चारशे प्रणवसाठी. ड्राफ्टच्या प्रती आणि दोघांची बिलं सोबत आहेत. माझ्या कपाटातच होती.

पत्रं मी लिहिली नाहीत. रोज उद्यावर टाकलं. मार्चअखेर अहवालाची वेळ आली तेव्हा आरोहीच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. 'मृत्यू' लिहिलं तर लोक विचारणार, मग पैसे कुठे आहेत. आणि खरं सांगू, तो शब्द त्या नावापुढे माझ्या हाताने लिहवेना. 'उपचार पूर्ण' लिहिलं. विहंग आणि प्रणवची नावं अहवालात आलीच नाहीत, कारण त्यांच्यापुढे लिहायला रक्कम उरली नव्हती. दोन जिवंत मुलं मी कागदावरून पुसली आणि जी नव्हती तिला बरी केली.

उदाजीरावांनी मला दोनदा विचारलं, पत्रं गेली का. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. दुसऱ्या वेळेला त्यांना कळलं होतं, हे मला दिसलं. तेव्हापासून ते मला काही विचारत नाहीत.

पोलिसात द्यायचं असेल तर माझं नाव दे.

विनोदिनी

•

देवास, २७ जुलै २०२५

अक्का,

पूर्ण वाचलं. दोनदा.

आधी कामाचं लिहिते, नाहीतर मला लिहिता येणार नाही. बिलं बरोबर आहेत, हॉस्पिटलकडून पडताळून घेतली. पैसे मुलांनाच गेले. चोरी नाही. पण अहवाल खोटा आहे, आणि कंपनीला मी खोटा अहवाल देणार नाही. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी फाइल बंद करून ठेवली. देवश्रीचं काय, ते विचार करून सांगतील.

आता दुसरं. अक्का, मी कॅन्टीनमध्ये प्रत्येक टेबलावर तो फोटो घेऊन गेले होते. एवढ्यावरच संपलं नाही. तो फोटो आजपण आपल्या पत्रकावर आहे. मागच्या दिवाळीला मी हजार पत्रकं छापून घेतली, तू मजकूर पाहून दिलास. त्या मुलीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि मी तिला दाखवून पैसे मागत होते. तू मला एकदा थांबवलं नाहीस.

मी रागात आहे, आणि राग लवकर जाणार नाही. तरी न्यास सोडत नाही, कारण देवश्री आहे.

मी एक कागद तयार करते आहे. त्यात सगळं सरळ लिहिलेलं असेल, कधी काय झालं, पैसे कुठे गेले, चूक कुणाची. दोनशे बाराच्या दोनशे बारा लोकांना जाईल. खाली तुझी सही पाहिजे. पण तो जायच्या आधी मानाजींना कळायला पाहिजे, आणि ते पत्राने नाही. तू जा.

उदाजीराव काकांकडे आधी जा. मीपण जाणार आहे. मला त्यांचं पाणी घ्यायचं आहे.

अवंती

•

धार, ११ ऑगस्ट २०२५

अवंते,

उदाजीरावांकडे गेले. माफी मागितली. ते म्हणाले, "माझं काही अडलं नाही." मी म्हटलं, निसरपुरला माझ्याबरोबर चला. तर म्हणाले, "नाही अक्का. मी आलो तर बोलायच्या वेळेला तुम्ही मला पुढे कराल." त्यांना मी बरी ठाऊक आहे.

म्हणून शुक्रवारी एकटी गेले. कुक्षीपर्यंत एक बस, पुढे दुसरी. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर लोकांना जी वसाहत दिली, तिथे शेवटच्या ओळीत मानाजीचं घर आहे. तो शाळेचे गणवेश शिवायचा, आठवत असेल तुला. दारावरची पाटी आहे. आत मशीन नाही.

मला पाहून तो उठला, खुर्ची पुसली. त्याची बायको चहा ठेवायला गेली. मी म्हटलं, चहा नंतर, आधी ऐकून घ्या. सगळं सांगितलं. पैसे आले होते किती, गेले कुणाला, मी विचारलं का नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मग आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात आपला तो अहवाल होता, घडीवर फाटलेला. वसाहतीनेही आरोहीसाठी अकरा हजार जमवून दिले होते, त्यामुळे देणगीदार म्हणून अहवाल त्यांच्याकडेही गेला होता. मला हे कधी सुचलंच नाही. आरोहीच्या ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ मारली होती.

"ही ओळ कुणी लिहिली?" त्याने विचारलं.

"मी."

तो म्हणाला, "बाई, पोरगी गेली तेव्हा सगळी वसाहत माझ्या दारात होती. तीन महिन्यांनी हा कागद आला. लोक म्हणाले, पावणेतीन लाखांच्या वर पैसे आरोहीवर खर्च झाले, उपचार पूर्ण झाला, असं इथे छापलंय. पोरगी तर इस्पितळात गेलीच नाही. मग पैसे कुणी घेतले? मी म्हणायचो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पण त्याच मार्चमध्ये मी हप्त्यावर नवी मशीन आणली होती."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. लोकांनी मशीन बघितली आणि हिशेब जुळवला. गणवेशाचं काम गेलं. पाणी भरायला गेल्यावर बायका त्याच्या बायकोशी बोलेनात. एकीने तोंडावर म्हटलं, पोर खाल्ली आणि पैसेही खाल्ले. वर्षभराने त्याने मशीन विकली, पण विकल्यावर लोक म्हणाले, बघा, लपवतोय. आता तो कुक्षीला दुसऱ्याच्या दुकानात शिवतो.

मी विचारलं, "धारला येऊन मला का नाही विचारलंत?"

"दोनदा आलो. फाटकावरून परत गेलो. तुम्ही आमच्यासाठी एवढे पैसे उभे केले होते. विचारलं असतं तर तुम्हाला चोर म्हटल्यासारखं झालं असतं."

अवंते, मी अडीच वर्षं एवढंच धरून बसले होते की माझ्या खोट्याने कुणाचं नुकसान झालं नाही, उलट दोन मुलं वाचली. निघताना त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "ती दोन मुलं बरी आहेत का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "हे मला तेव्हा सांगितलं असतं तर."

 मग तिने चहा घ्यायला लावला.

तुझा कागद पाठव. सही करते. पण त्यात मानाजीचं हेही लिही.

विनोदिनी

•

देवास, २ सप्टेंबर २०२५

अक्का,

मानाजींचं वाचून मी दोन दिवस तुला उत्तर लिहू शकले नाही. मग कागद परत लिहिला. तुझी सही आली आणि सगळीकडे गेला.

आता जे झालं ते सांगते. नऊ जणांनी पैसे परत मागितले, एकूण तेवीस हजार. तू तुझ्या मुदतठेवीतून भरते म्हणालीस, मी नाही म्हणणार नाही. बऱ्याच लोकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी फोन करून मला खूप ऐकवलं, आणि ते मी ऐकून घेतलं. कॅन्टीनमध्ये मी स्वतः कागद वाचून दाखवला. एक जण ताट सोडून उठून गेला.

साहेबांनी न्यासाला पैसे दिले नाहीत. म्हणाले, पुढच्या वर्षीचे हिशेब पाहून ठरवू. पण देवश्रीचं बिल कंपनीने सरळ हॉस्पिटलला भरलं. २९ ऑगस्टला ऑपरेशन झालं. उदाजीराव काकांनी गाडी पाठवली होती, स्वतः पुढच्या सीटवर बसून आले. राजीनामा मागे घेणार नाही म्हणाले. मी त्यांच्याकडे पाणी प्यायले, पोहेपण खाल्ले. देवश्री काल खाटेवर उठून बसली. तिची आई सारखी तिचे ओठ पाहते.

पत्रकं सगळी परत आणून ठेवली आहेत, फाडायची हिंमत झाली नाही. फोटो मानाजींना पाठवू?

एक गोष्ट उरली आहे. वसाहतीत पण कागद पोचला. पण अक्का, तिथे पहिला कागदपण पोचलाच होता ना. छापलेल्यावर ते लोक आता का भरवसा ठेवतील? आणि वाचता येणारे किती? तू तिथे जाऊन सगळ्यांच्या समोर वाच. विहंग आणि प्रणवच्या घरच्यांना मी विचारलं आहे. मुलांची नावं घ्या म्हणाले.

अवंती

•

धार, १५ सप्टेंबर २०२५

अवंते,

काल रविवारी जाऊन आले. फोटो सोबत नेला होता. मानाजीने घेतला आणि न बघता खिशात ठेवला.

वसाहतीच्या हनुमान मंदिराच्या ओट्यावर लोक जमले होते, चाळीसेक असतील. मानाजी आणि त्याची बायको एका कडेला बसली होती. त्यांच्या शेजारी जागा मोकळी होती, आणि उशिरा आलेले लोकही तिथे न बसता मागे उभे राहत होते.

तुझा कागद मी हिंदीत करून नेला होता. उभी राहून वाचला. आरोही ऑपरेशनच्या आधी गेली. तिच्या नावाने आलेल्या पैशांतून तिच्या आईवडिलांना एक रुपया दिलेला नाही. ते पैसे विहंग आणि प्रणव या दोन मुलांच्या ऑपरेशनला गेले, त्यांची बिलं ही. आईवडिलांना विचारलं नाही, देणाऱ्यांना कळवलं नाही. अहवालात लिहिलेलं खोटं होतं आणि ते मी लिहिलं. अकरा हजार कुणाला परत हवे असतील तर मी आणले आहेत.

कुणी हात वर केला नाही.  मग किराणा दुकानवाला, जो मानाजीबद्दल सगळ्यांत जास्त बोलत असे म्हणे, त्याने विचारलं, "और मशीन?"

मानाजी जागेवरूनच म्हणाला, "किस्तों पे थी."

तो माणूस जमिनीकडे बघत राहिला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मी मागा म्हणून सांगायलाही गेले नव्हते. पण थोड्या वेळाने मागे उभी असलेली एक म्हातारी पुढे आली आणि आरोहीच्या आईजवळ त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. तिला कमी ऐकू येतं, माझ्यासारखंच. आरोहीच्या आईने तिला नीट टेकून बसवलं आणि मला म्हणाली, "बाई, फिर से पढ़ो. इनने नहीं सुना."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. तेवढ्यात शेतावरून तीन-चार बायका आल्या, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, फिर से. मी तिसऱ्यांदा वाचलं. गर्दी आता तिच्या बाजूला सरकली होती. दिवेलागणीला शेवटच्या ओळीतल्या घरातली एक बाई दारातून डोकावली. पाण्यावर 'पोर खाल्ली' म्हणालेली ती बाई हीच, हे मला आरोहीच्या आईच्या चेहऱ्यावरून समजलं. तिने त्या बाईला हाताने जवळ बोलावलं, बसायला लावलं.

मी कागद उघडला. आरोहीच्या आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अब बिना देखे बोलो," म्हणाली.

मी बोलले.

विनोदिनी